गुप्तधन, खिळे आणि एक तांब्या

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी धने-गुळाचा नैवेद्य दाखवून आपण धनाची पूजा करतो, आणि नेमका त्याच वेळी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एखादा हंडा आठवतो. हा हंडा कपाटात नसतो, जमिनीत असतो. पुण्याच्या पेठांत असा एक तरी वाडा दाखवा, की ज्याच्या परसात, आडाच्या कडेला किंवा तुळशीवृंदावनाखाली कोणी तरी काही तरी पुरून ठेवलेले नाही! त्यावर भुजंग बसलेला असतो, तो अमावास्येला दिसतो, आणि ज्याने तो पाहिला तो माणूस नेहमी आपल्या जन्मापूर्वीच वारलेला असतो.

आमचा वाडा नारायण पेठेत, नदीच्या अंगाला. आमच्याकडची कथा अशी : १८९७ साली प्लेगच्या दिवसांत गोरे सोल्जर घरोघर तपासणीला शिरू लागले, तेव्हा आमच्या पणजोबांनी घरातले सगळे दागिने एका हंड्यात घालून परसात पुरले, आणि जागा कोणाला सांगण्यापूर्वीच ते प्लेगने गेले. कथा चांगली आहे. तिच्यातला प्लेग खरा, सोल्जर खरे, पणजोबाही खरे. हंडा तेवढा कोणी पाहिलेला नाही.

एरवी हा विषय दिवाळीच्या फराळाबरोबर निघाला असता आणि चकल्यांबरोबर संपला असता. पण आमचा वाडा आता पाडायचा आहे. चार भावांची चार बिऱ्हाडे, त्यांतली दोन केव्हाच कोथरूडला गेलेली. कागदांवर सह्या झाल्या आहेत. येत्या माघात जागा बांधकाम करणाऱ्यांच्या ताब्यात जाईल, जेसीबी येईल आणि परसातली माती डंपरमध्ये भरून कुठे तरी भरावाला जाईल. तेव्हा आमच्या थोरल्या वहिनी, ज्या आजवर हंड्याच्या गोष्टीला हसत आल्या, त्याच म्हणाल्या, “एकदा बघून तरी घ्यायला हवं. नाही तर जन्मभर रुखरुख लागेल.”

बघायचे कसे? आपल्याकडे यावर जुना उपाय आहे. पायाळू माणूस शोधायचा, त्याच्या डोळ्यांत अंजन घालायचे, की त्याला जमिनीखालचे धन दिसते. हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. गुप्तधनाच्या नादात आपल्या महाराष्ट्रात माणसांचे जीव घेतले गेले आहेत. अशा प्रकारांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी आमच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांची हत्या झाली. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि वर्ष सरण्यापूर्वी विधिमंडळाने कायदा मंजूर केला. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणे हा आज त्या कायद्याने गुन्हा आहे. पायाळू माणसाचा मार्ग असा आमच्यापुरता बंदच होता, आणि तो असावाही.

मग यंत्र आले. परदेशी असलेल्या पुतण्याने गेल्या मे महिन्यात येताना आणले. धातू शोधण्याचे यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर. आपल्याला तो माहीत आहे तो सिनेमागृहाच्या किंवा मॉलच्या दारातला, खिशातल्या किल्ल्यांवर ओरडणारा. हा त्याचाच भाऊबंद, पण काठीला लावलेला. एका टोकाला थाळीएवढे चपटे चाक, मध्ये दांडी, वर मुठीजवळ छोटा पडदा. वजन दीड किलोच्या आसपास. अगदी अलीकडे बाजारात आलेला नमुना. घरातल्या मुलांनी तो दहा मिनिटांत जोडला आणि अकराव्या मिनिटाला त्यांना त्याचा कंटाळा आला, कारण जिथे धरावा तिथे तो ओरडत होता. यंत्र माझ्याकडे आले ते असे. मी आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवले. ओरडणाऱ्या वर्गाची मला सवय आहे.

या यंत्राचे तत्त्व फार साधे आहे. आडात वाकून हाक मारली की आड उत्तर देतो, आणि उत्तरावरून पाणी खोल आहे की वर, हे जुन्या माणसांना कळते. इथे हाक आवाजाची नसून चुंबकत्वाची असते. चाकामध्ये तांब्याच्या तारेची वेटोळी आहेत. त्यांतून दर सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होणारा विजेचा प्रवाह जातो. त्यामुळे खालच्या जमिनीत चुंबकीय क्षेत्र सारखे बदलत राहते. तिथे धातूचा तुकडा असला, तर त्याच्या अंगात पाण्यातल्या भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात आणि ते आपले स्वतःचे इवलेसे क्षेत्र उलट धाडतात. दुसरे वेटोळे ते ऐकते. तांबे-चांदी एका प्रकारे उत्तर देते, लोखंड दुसऱ्या प्रकारे, आणि यंत्र त्याचा आकडा करून पडद्यावर दाखवते.

जुनी यंत्रे एकाच कंपनसंख्येवर हाक मारीत. हाक खर्जातली असेल तर खोलवरचे मोठे नाणे उत्तर देई, पण नथीतला मोती धरणारी सोन्याची तार गप्प राही. वरच्या पट्टीतली असेल तर नेमके उलटे. नव्या यंत्राचे नवेपण एवढेच, की ते तंबोऱ्याच्या चारी तारा एकदम छेडते आणि सगळी उत्तरे एकत्र जमवून हिशेब करते. बाकी पडद्यावरची रंगीत चित्रे वगैरे दुकानाची शोभा समजावी.

ही कल्पना मात्र नवी नाही. १८८१ च्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. ती अंगात कुठे रुतली ते डॉक्टरांना सापडेना. तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपले असेच एक वेटोळ्यांचे यंत्र घेऊन रोग्याच्या उशाशी गेले. यंत्र जागोजागी गुणगुणू लागले. खाटेच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या! शिवाय डॉक्टरांनी शोधायला दिली उजवी बाजू, आणि गोळी होती डावीकडे. अध्यक्ष सप्टेंबरात वारले. बेलसाहेबांचे यंत्र खोटे नव्हते. ते कुठे फिरवायचे हे ठरवणारा माणूस दुसरा होता, एवढेच.

पुढे दुसऱ्या महायुद्धात जमिनीत पुरलेले सुरुंग शोधण्यासाठी युसेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने ब्रिटिश फौजेला हातात धरून चालवण्याजोगे यंत्र करून दिले आणि १९४२ साली अल अलामीनच्या लढाईत त्याचा उपयोग झाला. वजन होते चौदा किलोंच्या घरात. पुण्याच्या माणसाने हा इतिहास वाचताना खडकीकडे पाहिले पाहिजे. सुरुंग काढणाऱ्या बॉम्बे सॅपर्सचे घर खडकीला. या पलटणीचे तरुण अधिकारी प्रेमेंद्रसिंग भगत यांनी १९४१ च्या जानेवारी अखेरीस आबिसीनियाच्या आघाडीवर चार दिवसांत पंचावन्न मैलांचा रस्ता मोकळा केला. पंधरा सुरुंगक्षेत्रे हुडकून काढली. दोनदा त्यांच्या खालची गाडी सुरुंगाने उडाली, कानाचे पडदे फाटले, तरी दुसऱ्याला पुढे करायला ते तयार होईनात. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कोसात्स्कीचे यंत्र तेव्हा अजून आघाडीवर पोचायचे होते! तेव्हा परसात चकचकीत यंत्र घेऊन उभे राहणाऱ्या माझ्यासारख्याने फार छाती फुगवू नये हे बरे. आणि जाता जाता एक : शोधताना बॉम्बगोळ्यासारखे काही दिसले तर हात न लावता दूर व्हावे आणि पोलिसांना कळवावे.

आता शिकण्याकडे वळतो. नवे यंत्र आले की लोक थेट खणायला धावतात. मी आधी पंधरा दिवस एकही खड्डा खणला नाही. पहिला धडा घरातच, लाकडी टेबलावर. खिळे नसलेले टेबल शोधण्यातच अर्धा दिवस गेला. शेवटी देवघरातला पाट उपयोगी पडला. आमच्या सौभाग्यवतींकडून अंगठी, मंगळसूत्र आणि जोडवी उसनी घेतली (सहीनिशी!), माझ्या जुन्या डब्यातली नाणी काढली, स्वयंपाकघरातून चमचा, सेफ्टी पिन आणि मिठाईच्या पुड्याची चांदी आणली. एकेक वस्तू पाटावर ठेवायची, चाक वरून फिरवायचे, आकडा वहीत लिहायचा. आमच्या यंत्रावर आकडे ० ते ९९.

सांगतो काय झाले. जोडवी आणि जुना चांदीचा रुपया आकड्यांच्या अगदी वरच्या टोकाला गेले. तांब्याचा पैसा त्यांच्या पाठोपाठ. खिळा तळाशी. इथवर सगळे पुस्तकाप्रमाणे. मग सोन्याची अंगठी ठेवली, तिचा आकडा आला मधला. आणि मिठाईच्या पुड्याची चुरगाळलेली चांदी ठेवली, तिचाही जवळजवळ तोच! म्हणजे कचऱ्याला कंटाळून ज्याने ‘हा आकडा ऐकवू नको’ असे यंत्राला बजावले, त्याने अंगठीलाही दाराबाहेर उभे केले. मंगळसूत्राने तर थट्टाच केली. वाट्यांवर यंत्र पुटपुटले, पण बारीक सोन्याच्या साखळीवर चक्क गप्प राहिले. कारण साखळी यंत्राला साखळी म्हणून दिसत नाही, सुटी सुटी कडी म्हणून दिसते. दागिना जितका नाजूक, तितका तो मुका. सौभाग्यवती म्हणाल्या, “म्हणजे ठुशीपेक्षा पाटल्या बऱ्या.” हा निष्कर्ष यंत्राच्या माहितीपुस्तकात नाही.

दुसरी गंमत आपल्या हल्लीच्या रुपयाची. आजचा रुपया पोलादाचा, चुंबकाला चिकटणारा. यंत्र त्याला खिळ्यांच्या जातीत घालते. याउलट दुसऱ्या महायुद्धातला भोकाचा पैसा, ज्याचा आमच्या लहानपणी नळाला वायसर म्हणून उपयोग होई, तो वरच्या जातीत मान ताठ करून बसतो.

दुसरा धडा मातीचा, आणि तो पुण्यात तरी सर्वांत कठीण. परदेशी पुस्तकांत जमीन म्हणजे हिरवळ आणि समुद्रकाठची पांढरी वाळू. आपली जमीन काळ्या पाषाणाची, बेसाल्टची. त्यात मॅग्नेटाइट या चुंबकी खनिजाचे कण विखुरलेले असतात. लहानपणी चुंबक मातीतून फिरवून त्याला काळ्या मिशा आलेल्या आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. त्याच मिशा या यंत्राला सगळीकडे दिसतात, म्हणून मुलांच्या हातात ते जिथे तिथे ओरडत होते. त्यावर उपाय जमीन जुळवण्याचा. धातू नसलेला तुकडा पाहून चाक जमिनीपाशी न्यायचे, फूटभर उचलायचे, पुन्हा न्यायचे, असे करीत राहायचे, आणि गुणगुण थांबेपर्यंत जुळवणी करायची. तबलजी हातोडी घेऊन घाटा ठोकत बसतो तसेच. दर काही वेळाने पुन्हा जुळवावे लागते, कारण परसात आडाजवळची ओली माती वेगळी आणि चुलीची राख टाकलेल्या कोपऱ्यातली वेगळी. संवेदनशीलता शेवटच्या खुंटीपर्यंत पिळण्याचा मोहही टाळावा लागतो. आमच्या भिंतीवरून विजेच्या तारा गेल्या आहेत. कमी संवेदनशीलतेवर मला वीतभर खोलीचे स्वच्छ ऐकू येते. जास्तीवर नुसता गोंगाट.

तिसरा धडा हाताचा. चाक जमिनीला समांतर, दोन बोटे वर, सावकाश, आणि प्रत्येक फेरीत अर्धी जागा पुन्हा झाकली जाईल असे. सारवण घातल्यासारखे. आमच्या वहिनींनी तो हात पहिल्या दिवशी उचलला. मला चार दिवस लागले. जमिनीची त्यांची ओळख माझ्यापेक्षा जुनी!

मग परस. तीस फूट बाय बावीस. सुतळीने चौकोन आखले, प्रत्येकाला क्रमांक दिला, वही केली. सापडलेली वस्तू कोणत्या चौकोनात, किती खोल, कोणत्या मातीत, हे लिहिल्याखेरीज पुढे जायचे नाही असा नियम केला. पुतण्याच्या मुलांना तो जाचक वाटला. मला स्वतःला तो पहिल्याच आठवड्यात फळला.

कारण परसात एक रेघ होती. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले, मागोमाग खडकवासल्याचे, आणि नदी आमच्या माजघरात आली. मी तेव्हा तिसरीत होतो. पाणी ओसरल्यावर घरातला गाळ घमेल्यांनी काढून परसात पसरण्यात आला. तो अजून तिथेच आहे. वरच्या मातीखाली वीतभर जाडीचा, मऊ, फिकट थर. खुरपे त्यात लोण्यात सुरी जावी तसे जाते. आमचे परस त्यामुळे दोन मजली झाले आहे. गाळाच्या वर जे सापडेल ते पुरानंतरचे, खाली सापडेल ते पुराआधीचे. नुसती नाणी डब्यात टाकली असती तर ही रेघ मला कधीच दिसली नसती.

वरच्या मजल्यावर काय होते? फुलबाज्यांच्या तारा! साठ वर्षांच्या दिवाळ्यांच्या, गंजून काळ्या पडलेल्या, शेकड्यांनी. त्यानंतर सोडावॉटरची बुचे, औषधाच्या गोळ्यांची चंदेरी पाने, अॅल्युमिनियमचे हलके दोन पैसे आणि तीन पैसे, सायकलच्या घंटीची वाटी, एका बाहुलीचा पत्र्याचा पाय. खालच्या मजल्यावर भोकाचे दोन पैसे, अडकित्त्याचा अर्धा भाग, वाड्याच्या बांधणीतले चौकोनी घडीव खिळे, आणि तीन वेगवेगळ्या चौकोनांत तीन शिवराया. शिवरायांच्या राज्याभिषेकापासून पडू लागलेले हे तांब्याचे नाणे पेशवाईतही चालले आणि त्यानंतरही बाजारात हातोहात फिरत राहिले. तेव्हा आमच्या शिवराया शिवकाळातल्या असतील असे कोणी समजू नये. अक्षरे झिजली आहेत. पण हातात घेतल्यावर परस एकदम फार मोठे झाल्यासारखे वाटले, हे खरे.

आणि हंडा? तुळशीवृंदावनाच्या चौकोनात तेही झाले. यंत्राने नव्वदीच्या वरचा आकडा दिला, मोठा, भरदार. पंधरा मिनिटांत कोथरूडची दोन्ही बिऱ्हाडे रिक्षाने हजर! मी सर्वांना आधीच सांगितले होते की लोखंडाचे कडे असेल तरी असाच आकडा येतो. धातूचा आकार वर्तुळाकार असला की त्यात भोवरा छान फिरतो आणि लोखंड चांदीचा आव आणते. कोणी ऐकले नाही. दीड वीत खाली निघाली घोडा बांधायची लोखंडी कडी. धाकटे बंधू बराच वेळ ती हातात धरून उभे होते. मग म्हणाले, “म्हणजे आपल्याकडे घोडा होता तर.” घरात त्या संध्याकाळी घोड्याविषयी जितके बोलणे झाले तितके हंड्याविषयी कधी झाले नव्हते.

यंत्र सर्वज्ञ नाही हेही सांगितले पाहिजे. आमच्या मातीत त्याला नाणे वीत-दीडवीत खोल ऐकू येते, हंड्याएवढी वस्तू दोन-अडीच फूट. पणजोबा त्याहून खोल खणणारे असतील, तर मी त्यांच्यापुढे हात टेकतो.

शिवराया निघाल्या त्या दिवशी घरात एक वेगळाच प्रश्न उभा राहिला. घरातलेच एकजण म्हणाले, “कोणाला सांगायचं कशाला?” हा प्रश्न पुण्यात आज शेकडो घरांपुढे उभा राहण्याजोगा आहे, कारण पेठांतले वाडे एकामागून एक पाडले जात आहेत. म्हणून कायदा काय म्हणतो ते थोडक्यात लिहितो. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा आहे. जमिनीत दडवलेली, दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीची वस्तू सापडली, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे : काय, किती, कुठे, कोणत्या तारखेला. जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढून हक्क सांगणाऱ्यांना बोलावतात. मूळ मालक कोणी निघालाच नाही, तर, वेगळा करार नसल्यास, तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाला. सरकारला वस्तू हवी असेल तर तिच्यातल्या धातूच्या किमतीवर आणखी पाचवा हिस्सा देऊन ती घेता येते. आणि जो लपवील त्याचा वाटा सरकारजमा, शिवाय वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. जिल्हाधिकारी मालकीचा विचार करताना पाहतात ते धन शंभर वर्षांच्या आत पुरलेले आहे की नाही. थोरल्या वहिनींनी बोटांवर हिशेब केला. पणजोबांच्या हंड्याची मुदत १९९७ सालीच संपली!

१९७२ चा पुरावस्तूंचा कायदा वेगळाच. शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती वगैरे वस्तूंचा व्यापार परवान्याखेरीज करता येत नाही आणि त्या खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत. शनिवारवाडा, पाताळेश्वर, लोहगड, शिवनेरी यांसारख्या संरक्षित ठिकाणी खणण्याचा तर विचारही मनात आणू नये. रविवारी किल्ल्यावर जाऊन यंत्र फिरवण्याची हौस काही तरुणांना असते, तिला मी हौस म्हणत नाही.

लपवालपवीने काय होते याचे उदाहरण दूरचे नाही. २०२१ साली पिंपरी-चिंचवडच्या पोलिसांनी २१६ सोन्याच्या मोहरा हस्तगत केल्या, वजन दोन किलो ३५७ ग्रॅम, काळ १७२० ते १७५० च्या दरम्यानचा. चिखलीला बांधकामाच्या मातीत त्या मजुरांना सापडल्या होत्या आणि मुकाट्याने घरी नेल्या गेल्या होत्या. सोने वाचले. पण त्या नेमक्या कुठे, किती खोल, कशाच्या शेजारी पडल्या होत्या हे सांगणारी माती तेवढ्यात इकडची तिकडे झालेली असणार. एवढे धन तिथे कोणी आणि का ठेवले, हे त्या मातीखेरीज सांगणार कोण?

याहून मोठे उदाहरण दायमाबादचे. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी, १९७४ साली झाडाच्या मुळाशी खणताना गावातल्या एका माणसाला चार ब्राँझची शिल्पे सापडली : हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ. सगळ्यांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. जगात नावाजलेल्या वस्तू! पण त्या पद्धतशीर उत्खननात, थरांत बसलेल्या अशा सापडल्या नाहीत, म्हणून त्यांच्या काळाविषयी पंडितांचे वाद आजही मिटलेले नाहीत. शिल्पे हाती आली, त्यांच्या पायाखालची रेघ निसटली. आपल्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून इनामगावला पंधरा वर्षे खणले, तिथली तांब्याची वस्तू बोटाएवढी असली तरी ती कोणत्या घरातली, कोणत्या थरातली हे सांगता येते. साठ किलोंचे ब्राँझ आणि बोटाएवढे तांबे यांत कोण अधिक बोलके, ते वाचकांनीच ठरवावे.

आमच्या तीन शिवराया दडवलेल्या नव्हत्या, कोणाच्या तरी कनवटीतून पडलेल्या असाव्यात. त्यांना गुप्तधन म्हणावे की नाही, याचा निवाडा मी करणे योग्य नाही. चौकोनांचा नकाशा आणि छायाचित्रे जोडून मी जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहिले आणि त्याची पोच वहीत चिकटवली. उत्तराची वाट पाहतो आहे. तोवर शिवराया पाण्याने हलकेच धुऊन कागदाच्या पाकिटांत ठेवल्या आहेत. चिंच लावू पाहणाऱ्या हाताला मी अडवले. चिंचेने तांबे चकाकते, आणि अक्षर जाते.

राहता राहिला तांब्या. तो निघाला सतराव्या चौकोनात, बरोबर गाळाच्या थरात. म्हणजे तो आमच्याकडे नदीने आणला. पितळेचा, बेताचा, तोंडाला पोचा पडलेला. माती पुसल्यावर गळ्यापाशी ठिपक्यांनी कोरलेले नाव दिसले. एका बाईंचे नाव, आडनाव आणि शके १८७१, म्हणजे १९४९ साल. नाव इथे छापीत नाही. ते आमच्या गल्लीतल्या, चार घरे वरच्या बिऱ्हाडाचे होते. पुरात त्यांचे घर बसले, आणि ते लोक गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वसाहतीत गेले. त्या बाई आता नाहीत. पण त्यांची मुलगी, माझ्याच वयाची, अजून तिथेच राहते असे दोन फोन केल्यावर कळले.

घरातल्या मंडळींचे म्हणणे पडले, की एवढ्याशा पितळेसाठी कोण जाते? मला वाटते, परसात सापडलेल्या सगळ्या वस्तूंत मालकाचा पत्ता सांगणारी ही एकच होती. मी तांब्या वर्तमानपत्रात गुंडाळून गोखलेनगरला गेलो.

त्यांनी नाव वाचले नाही. नुसता त्यावरून अंगठा फिरवला, आणि उठून आत गेल्या. परत आल्या त्या फुलपात्र घेऊन. पुराच्या दिवशी घर सोडताना धाकट्या भावाला औषध पाजायला हवे म्हणून त्यांच्या आईने तेवढे एक पिशवीत टाकले होते. त्यावर तेच नाव, तेच साल. बाईंनी ते तांब्यावर पालथे घालून पाहिले. तोंडाला पोचा आला आहे, त्यामुळे ते जरा तिरके बसते.